उंचाडीवरून उतरणं

उंचाडीवर चढावं कसं, हे गावात कुणालाही विचारा, सांगेल. दिवेवाला रोज संध्याकाळी सगळ्यांच्या देखत चढत असे. दोन्ही हातांनी मुठी धरायच्या, डावा पाय मागच्या लहान चाकावरच्या बोटभर पायरीवर ठेवायचा, उजव्या पायाने जमिनीवर तीन लंगड्या उड्या घ्यायच्या आणि चौथ्या उडीला, चाक पळू लागलं की, पोटातला सगळा धीर एकवटून सीटवर जाऊन बसायचं. उतरावं कसं, हे मात्र दोघांनाच ठाऊक होतं, दिवेवाल्याला आणि त्याच्या बायकोला. तेही खरं सांगायचं तर प्रत्येकाला निम्मं निम्मं.

उंचाडी म्हणजे त्याची सायकल. पुढचं चाक माणसाच्या छातीला लागेल एवढं, मागचं ताटाएवढं. दुरून बघावं तर वाटे, एक धिप्पाड आई चाललीय आणि मागून तिचं रांगतं पोर फरफटतंय. साखळी नाही, काही नाही. पॅडल थेट मोठ्या चाकाच्या आसाला. चाक फिरलं की पाय फिरलेच पाहिजेत, पाय थांबले की चाक थांबलंच पाहिजे. आणि चाक अचानक थांबलं तर वरचा माणूस थांबत नाही, तो तसाच पुढे जातो, डोकं खाली, तळपाय आभाळाकडे. ब्रेक होता, पण तो रागासारखा. थोडा असला तर कामाला येतो, जास्त झाला तर आपल्यालाच तोंडावर पाडतो. लिंबाएवढा दगड, वाटेत झोपलेलं कुत्रं, एवढंसं निमित्त पुरे. म्हणून उतार आला की जाणते लोक पॅडलवरून पाय काढून मुठींच्या वरून पुढे सोडत आणि आरामखुर्चीत बसल्यासारखे बसत. फेकलंच तिने तर निदान पायांवर फेकावं, एवढीच त्यातली अक्कल.

अशी सायकल आयती मिळत नसे. शिंपी सदऱ्याचं माप घेतो तसं चाक बांधणारा टांगेचं माप घेई आणि तेवढ्या मापाचं चाक बांधे. ही बांधली होती डॉक्टरांच्या लांबटांग्या मुलासाठी. त्याने ती तीन आठवडे मिरवली. चौथ्या आठवड्यात पुलाच्या उतारावर तिने त्याला पुढे भिरकावलं. समोरचे दोन दात गेले, त्यांच्याबरोबर हौसही गेली. डॉक्टरांना ती दारात दिसेनाशी हवी होती, दिवेवाल्याला हवीच होती. त्याची टांग चार बोटं आखूड, तेव्हा सुताराने पॅडलवर लाकडी ठोकळे बसवून दिले. दिवेवालीण तेव्हाच म्हणाली होती, दुसऱ्याच्या मापाचा जोडा घालताना नाही कळत, काढताना कळतो.

पण त्याला ती हौसेसाठी नको होती. गावातल्या रस्त्यांवर चाळीस दिवे होते, रॉकेलचे, खांबावरच्या कंदिलातले. वीस वर्षं त्याने रोज संध्याकाळी शिडी खांद्यावर टाकून चाळीस वेळा टेकवली होती, चाळीस वेळा चढला-उतरला होता. त्या शिडीने त्याचा उजवा खांदा खाल्ला. हात कानाच्या वर जाईना. उंचाडीवर बसलं की कंदील आपोआप नाकासमोर येई. डाव्या हाताने खांबाला मिठी मारायची, उजव्या हाताने काचेचं दार उघडून पेटती काडी वातीला लावायची, आणि खांबालाच हलका रेटा देऊन पुढच्या दिव्याकडे निघायचं. नगरपालिकेच्या साहेबांनी नाक मुरडत परवानगी दिली, एका अटीवर. एकदा जरी पडलास, तरी पुन्हा शिडी. आणि शिडी झेपत नसेल तर दुसरा माणूस.

सकाळचं काम दोघं मिळून करत. ढकलगाडीवर शिडी आणि तेलाचा डबा. ती चढे, तो शिडी धरे. ती काजळी पुसे, वात कातरे, तेल घाले, आणि हात चालू असताना तिच्या तोंडून आपोआप ओळी जुळत.

चाळीस माझे दिवे, चाळीस पाहुणे,
तेल पिऊन जाती, काढती ना उणे.

खालून तो म्हणे, असे पाहुणे आमच्या सासरकडचे कधी आले नाहीत. वरून त्याच्या डोक्यावर फडक्यातली काजळी पडे.

आणि संध्याकाळी, चाळिसावा दिवा लागला की ती घराच्या पायरीसमोर रस्त्यावर येऊन उभी राही. पाय जरा फाकवून, शाल कमरेला घट्ट खोचून. तो हळूहळू येई, एक हात तिच्या खांद्यावर टाकी, दुसरा गळ्याभोवती, आणि घसरत घसरत जमिनीवर येई. उंचाडी ती कमरेने अडवून धरी. अकरा वर्षांत यात एका संध्याकाळचाही खाडा नव्हता.

दुसरा उपाय त्यांनी करून पाहिला नव्हता असं नाही. पहिल्याच महिन्यात तो म्हणाला, खांबाला धरून थांबतो, तसाच खांबाला धरून उतरेन. मिठी मारली, पाय सोडले, तर उंचाडी खालून सटकली आणि दिवेवाला कंदिलाच्या दांडीला वाळत घातलेल्या पँटसारखा लोंबत राहिला. तिने शिडी आणली तेव्हा उतरला. खरा मार्ग एकच, सगळे स्वार उतरतात तो. चालत्या सायकलवरून डावा पाय मागे न्यायचा, न बघता ती बोटभर पायरी शोधायची, तिच्यावर भार टाकायचा आणि मागच्या मागे जमिनीवर यायचं. त्याचा पाय मागे जाईच ना. पाय मागे नेला की माझा जीव पुढे जातो, तो म्हणे.

त्या वर्षी झाडांची पानं गळू लागली तेव्हा लेकीचं पत्र आलं. लेक दोन दिवसांच्या वाटेवर दिलेली. पहिलंच बाळंतपण, मूल आडवं आहे म्हणून तिथल्या डॉक्टरांनी तिला खाटेवरून उठायची बंदी केलेली, जावई दिवसभर गिरणीत. पत्रात तिने गावच्या हवेपासून शेजारणीच्या मांजरापर्यंत सगळं लिहिलं होतं आणि तळाशी, कागद संपत आला तिथे, बारीक अक्षरात एक ओळ. आई, मला भीती वाटते, तू आलीस तर वाटणार नाही.

घोडागाडी आठवड्यातून एकदा जायची, शुक्रवारी पहाटे. पत्र आलं शनिवारी.

दिवेवाला वाचून होताच म्हणाला, जा, महिनाभर राहा, पोर हाताला लागल्याशिवाय येऊ नकोस. ती हो म्हणाली. मग दोघांनीही एकाच वेळी मान वळवून भिंतीला टेकून ठेवलेल्या उंचाडीकडे पाहिलं.

सकाळच्या तेल-वातीचं काम शेजारच्या शिंपिणीने महिनाभर अंगावर घेतलं. तो प्रश्न नव्हताच. प्रश्न खांद्याचा होता. दिवेवालिणीने भीत भीत सुचवलं, शिंपिणीलाच संध्याकाळी दारात उभं राहायला सांगू. तो कानापर्यंत लाल झाला. रस्त्यात, दिवे लावून, मी शिंपिणीच्या गळ्यात पडू?

"मग समोरच्या पाववाल्याला सांगते."

"पाववाल्याला सांगितलं म्हणजे साहेबांना सांगितलं, आणि उतरता येत नाही हे कळलं की पुन्हा शिडी. पावाबरोबर बातमीही तो गरम गरम घरोघरी पोचवतो."

ते खरंच होतं. तो म्हणाला, महिनाभर शिडी घेईन. तिने त्याचा उजवा हात धरून वर उचलला. कानापाशी येताच त्याच्या तोंडाचा रंग उडाला. तिने हात खाली ठेवला आणि ती स्वयंपाकघरात जाऊन पातेली घासू लागली, घासलेलीच. एकीकडे खाटेवर पडलेली लेक, एकीकडे हा असा, मान मोडून घ्यायला तयार, पण सांगायला नाही. इथे राहिले तर तिथे मन, तिथे गेले तर इथे. शेवटी हात पुसून ती बाहेर आली आणि म्हणाली, सहा दिवस आहेत, उतरायला शिका.

घरामागे एक बोळ होता. दुपारी जेवणं झाली की तिथल्या खिडक्या बंद होत आणि तासभर चिटपाखरू फिरकत नसे. तिथे शिकवणी सुरू झाली. शिकवणारीने आयुष्यात सायकलवर पाऊल ठेवलेलं नव्हतं आणि शिकणाऱ्याला अकरा वर्षांचा सराव. ती शेजारून धावे, एक हात मागच्या लोखंडी कण्यावर ठेवून. तो बोळाच्या टोकाशी येई आणि डावा पाय मागे नेई, अंधारात चप्पल शोधावी तसा. पहिल्या दिवशी पाय हवेतच फिरत राहिला आणि तो डाव्या कुशीवर पडला. दुसऱ्या दिवशी उजव्या. कोपरं सोलली, पँट फाटली. रात्री तिने शिवली आणि शिवताना विचार केला, पाय जातो, पायरीही तिथेच असते. चुकतेय ती वेळ. हा घाईत नेतो नाहीतर उशिरा.

वेळ चुकू नये म्हणून तिच्याकडे एकच हत्यार होतं. तिसऱ्या दिवशी ती शेजारून धावताना गाऊ लागली.

वाट झाली थोडी,
दम गेला चाका,
पाय मागे टाका,
उतरा हो.

शेवटचा तुकडा आखूड, तिथे सूर खाली येतो. त्याच सुराबरोबर पाऊलही खाली यावं, एवढाच तिचा हिशेब. आणि तो जमला. "उतरा हो"ला त्याचा पाय मागे गेला, पायरीवर बसला, आणि दिवेवाला जमिनीवर उभा होता, उंचाडीची मूठ हातात. तो स्वतःच इतका दचकला की त्याने मूठ सोडून दिली आणि उंचाडी भिंतीवर जाऊन आदळली.

चौथ्या दिवशी ती धावली नाही, नुसती गायली. पाचव्या दिवशी तोच गुणगुणला. पुन्हा पुन्हा उतरला, सातदा. प्रत्येक वेळी सायकल ढकलत खाली नेऊन पुन्हा चढायचं, पुन्हा उतरायचं. लहान मूल नवा शब्द म्हणत सुटावं तसं. दिवेवालिणीला धावताना फार धाप लागली होती. आता वय झालं, ती मनाशी म्हणाली, आणि बोचकं बांधायला बसली.

गुरुवारी संध्याकाळी तिने त्याला सांगितलं, आज मी दारात नसणार, मी गेले असं समजा. तो बरं म्हणाला. चहा तसाच ठेवून निघाला.

ती खिडकीच्या पडद्यामागे खुर्ची घेऊन बसली. बाहेर एकेक दिवा लागत आला. चौकातला, शाळेसमोरचा, विहिरीचा. रोज हे बघताना तिला बरं वाटे; आज ती प्रत्येक दिव्यासरशी खुर्ची खिडकीजवळ सरकवत होती. मग समोरचा, चाळिसावा. मग चाकाच्या रबराचा रस्त्याच्या फरशीवर होणारा सुरसुर आवाज, आणि त्यात त्याचं गुणगुणणं. वाट झाली थोडी. तिने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले. दम गेला चाका. पाय मागे टाका. उतरा हो.

पाऊल वाजलं नाही. सुरसुर तशीच दारावरून पुढे गेली, वळणाशी बारीक झाली, नाहीशी झाली.

ती हलली नाही. विसरला असेल पहिल्यांदा. पुन्हा येईल.

तो चौक फिरून पुन्हा आला. या वेळी फारच हळू, पॅडल मागे रेटत. पण उंचाडीचं असं आहे की फार हळू केली की ती रुसते, डावी-उजवी डुलायला लागते. दारापाशी ती इतकी डुलली की त्याला पडू नये म्हणून वेग द्यावाच लागला. तो पुन्हा पुढे. समोर पाववाला हात पुसत दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिला होता.

तिसऱ्या फेरीला तो खिडकीशी आला तेव्हा मान न वळवता, शेजारी बसून बोलावं इतक्या साध्या आवाजात म्हणाला, "गाणं संपतंय, हिचा दम संपत नाही." आणि गेला.

तिच्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. धाप. धावताना तिला लागलेली धाप. वय नव्हतं ते. मागचा बोळ चढाचा होता. डोळ्यांना दिसू नये इतका थोडा, पण धावणाऱ्या छातीला कळावा एवढा. तिथे "दम गेला चाका" म्हणेपर्यंत चाकाचा दम खरंच जात होता. गाणं आपलं चढाच्या मापाने बेतलेलं आणि समोरचा रस्ता ताटासारखा सपाट. लांबटांग्या मुलाच्या मापाचं चाक, तसं हे बोळाच्या मापाचं गाणं.

बोळात उतरा, एवढंच त्याला सांगायचं होतं. ती धावत मागच्या दाराशी गेली, दार उघडलं, आणि समोर पाववाल्याच्या भट्टीची लाकडं. गुरुवार, लाकडं यायचा दिवस. घोडा सोडलेली गाडी आडवी आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत गुडघाभर ओंडके. दुपारीच सराव करून दोघं घरात आली होती, त्यानंतर कुणी दार उघडून पाहिलंच नव्हतं.

ती पुढच्या दाराकडे पळाली. रस्ता रिकामा. पाववाला म्हणाला, वहिनी, दिवे तर सगळे लागले, दादा आता कुठे निघाले? पुलाकडे वळले ते.

पुलाकडे. गावाच्या टोकाच्या दिव्यापलीकडे रस्ता एकदम खाली कोसळतो, खाली लाकडी पूल, पलीकडे पुन्हा तसाच वर चढतो. तिथेच डॉक्टरांच्या मुलाचे दात गेले होते. त्या उतारावर दिवेवाल्याने उंचाडी अकरा वर्षांत कधी नेली नव्हती.

ती धावत सुटली. शाल कुठे पडली तिला कळलं नाही. पाववाला, जड अंगाचा माणूस, वहिनी, वहिनी करत मागून येत होता. उताराच्या माथ्यावर टोकाचा दिवा शांतपणे जळत होता, तिने सकाळी पुसलेल्या काचेत. त्यापुढे संधिप्रकाश, खाली नदीवरचं धुकं, आणि काही नाही. हाक मारायला तिने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. अजून तो वर बसलेला असेल आणि हाकेसरशी मागे बघेल तर? ओठ दाताखाली धरून ती नुसती कान देऊन उभी राहिली. तिला वाटलं, मीच पाठवलं याला. लेकीची भीती घालवायला निघाले आणि ही कमावून बसले.

मग खालून आवाज आला. टक्, टक्, टक्. पॅडलवरचा सैल ठोकळा. धावत्या चाकाचा नव्हे. एक टक्, मग श्वासभर थांबून दुसरा. धुक्यातून आधी मोठं चाक वर आलं आणि मग त्याच्या शेजारी, घोडा लगामाने चालवत आणावा तसा, दिवेवाला. डोक्यावर टोपी नव्हती. चालत होता. दोन्ही पायांवर चालत होता.

"उतरलो," तो म्हणाला.

ती रस्त्यावरच बसली. पायांनी जे नेलं ते नेलं, आता त्यांना काही सांगण्यात अर्थ नव्हता. तो उंचाडी दिव्याच्या खांबाला टेकवून तिच्याशेजारी बसला. तिने त्याचे गुडघे चाचपले, कोपरं चाचपली, जबडा धरून इकडून तिकडून पाहिला, दात मोजल्यासारखे पाहिले. सगळं जिथल्या तिथे होतं. मग तिला रडू आलं आणि रडता रडता ती त्याच्या पाठीवर बुक्के मारू लागली, हळू, तालात.

तो सांगत होता आणि सांगताना त्याचं त्यालाच नवल वाटत होतं. तिसऱ्या फेरीनंतर मांड्या भरून आल्या होत्या. बोळाच्या तोंडाशी डोकावला तर लाकडं. त्याने विचार केला, पाय कधीतरी दमणारच. दमले की कुठे पाडायचं ते उंचाडी ठरवणार. त्यापेक्षा जागा आपण ठरवावी. चढ हवा, आणि चढ पुलापलीकडे. चढापर्यंत जायचं तर आधी उतार. मग माथ्यावर येताच त्याने पाय काढून मुठींवरून पुढे टाकले आणि देवाचं नाव आठवेना म्हणून तिचं गाणं म्हणायला लागला. खाली पॅडल चक्कीसारखे गरगरत होते. टोपी गेली. पुलाच्या फळ्यांवर उंचाडी भांड्यांच्या फडताळासारखी खडखडली, आणि तो मनात म्हणाला, संपलं. पण संपलं नाही. पलीकडचा चढ लागला, वेग उतरला, पायांना पॅडल सापडले, चाकाचा खरोखर दम गेला, आणि तिथे गाण्याची शेवटची ओळ आली.

"पाय मागे नेला तर खाली जमीन होतीच. इतकी जवळ असते, मला ठाऊकच नव्हतं."

तोवर पाववाला येऊन पोचला होता आणि खांबाला धरून भात्यासारखा फुसफुसत होता. काय झालं, काय झालं, तो विचारत होता. दिवेवाल्याने एकदा बायकोकडे पाहिलं आणि मग सरळ सांगून टाकलं. अकरा वर्षं मला उंचाडीवरून उतरता येत नव्हतं. रोज हिच्या खांद्यावर उतरत होतो. आज पहिल्यांदा एकटा उतरलो. साहेबांना सांगायचं तर खुशाल सांगा, आता येतंय.

पाववाल्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग खाली बसला.

"म्हणजे ते उतरणं होतं?" तो म्हणाला. "अकरा वर्षं माझी बायको रोज मला खिडकीत बोलावते. म्हणते, बघा, दिवेवाला कामावरून आला की कसा बायकोच्या गळ्यात पडतो, तुम्ही कधी पडलात? दोनदा मी पडलोसुद्धा, वहिनी. पिठाच्या हातांनी. दोन्ही वेळा तिने ढकललं."

दिवेवालीण हसू लागली. आधी नाकातल्या नाकात, मग खांदे हलवत, मग अशी की तिला पुन्हा धाप लागली. पाववाला गंभीरच होता. आता घरी जाऊन बायकोला सांगतो, त्याला काय प्रेम म्हणत नाहीत, त्याला सायकल म्हणतात.

दिवेवाला सोललेल्या कोपरावर फुंकर घालत होता. "उतरायला खांदा लागतो, हे खरं," तो म्हणाला. "पण रोज तोच लागायचा, दुसऱ्या कुणाचा चालायचा नाही, ते मात्र तुमची बायको म्हणते तसं."

पाववाल्याने यावर विचार केला आणि म्हणाला, मग घरी सांगण्यात काही फायदा दिसत नाही. नाहीच, दिवेवाला म्हणाला. उठता उठता पाववाल्याने विचारलं, पण एवढ्या लांब जीव धोक्यात घालून का आलात, तुमच्या मागच्या बोळात छान चढ आहे. नवरा-बायको दोघंही त्याच्याकडे बघत राहिली.

"तुमची लाकडं," दिवेवालीण म्हणाली.

पाववाल्याने कपाळावर हात मारला. मग छातीवर हात ठेवून म्हणाला, उद्यापासून गाडी भल्या पहाटे येईल, आणि संध्याकाळी बोळात एक काटकी दिसली तर माझी भट्टी विझवा. तिघं घराकडे निघाली. उंचाडी दिवेवालिणीने धरली होती. वाटेतले दिवे एकेक करून मागे जात होते आणि गाव खिडक्यांतून बघत होतं, दिवेवाला आज चालत का आला. त्याने कुणालाही काही खुलासा केला नाही. पण शिंपिणीच्या दारापाशी तो उगाचच दोनदा टाच आपटून चालला, जमीन आहे ना ते बघायला.

पहाटे घोडागाडी आली तेव्हा अजून पुरतं उजाडलं नव्हतं. बोचकं वर गेलं, शिंपिणीने वाटेसाठी पाव बांधून आणले होते, तेही वर गेले. दिवेवालीण सांगत होती, विहिरीजवळच्या कंदिलाची काच सैल आहे, शाळेसमोरच्यात तेल जास्त घालू नका, सपाट रस्त्यावर शहाणपणा करू नका, बोळातच उतरा. तो प्रत्येक गोष्टीला हो म्हणत होता. गाडीवानाने लगाम उचलले तेव्हा दिवेवाला खिडकीशी आला.

"लेकीला माझा निरोप सांग," तो म्हणाला. "म्हणावं, बाबांना इतकी वर्षं भीती वाटायची, काल गेली. तुझीही जाईल."

तिने मान हलवली. तिने ठरवलं होतं, वळण येईपर्यंत मागे बघत राहायचं. सहा रात्री ती धड झोपली नव्हती. लेकीचा विचार एका कुशीवर, याचा दुसऱ्या. गाडीने झोका घेतला, चाकं ठेक्यात लागली, आता एका कुशीवरचा विचार उतरला होता, तेवढीच जागा झाली होती. वळण यायच्या आधीच तिला झोप लागली.